परवाना मालकाने काढायचा, मग पैसे मुलाने का भरायचे? ठाणे-नवी मुंबईतील प्राचार्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय प्राचार्य, निदेशक आणि प्लेसमेंट अधिकारी,
औद्योगिक प्रशिक्षण संस्था, तंत्रनिकेतने आणि परिचर्या महाविद्यालये,
ठाणे व नवी मुंबई

सविनय नमस्कार.

आपल्या संस्थांतून दर वर्षी बाहेर पडणारे फिटर, वेल्डर, वीजतंत्री, वातानुकूलन तंत्रज्ञ आणि परिचारिका यांच्यापैकी पुष्कळ जण पहिली नोकरी ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या कारखान्यांत किंवा आसपासच्या रुग्णालयांत करतात आणि दोन-तीन वर्षांचा अनुभव गाठीशी आला की परदेशाचा विचार करू लागतात. त्यांना थांबवा, असे सांगण्यासाठी हे पत्र लिहिलेले नाही. आखातातल्या पगारावर मुंब्रा-कौशापासून भिवंडीपर्यंत किती घरे उभी राहिली आणि किती बहिणींची लग्ने पार पडली, हे आपल्याला माझ्याइतकेच ठाऊक आहे. माझी विनंती वेगळी आहे. परदेशात काम करण्याचा परवाना कसा मिळतो, तो कोणी काढायचा असतो, त्याचा खर्च कोणी सोसायचा आणि हाती आलेल्या कागदाचा अर्थ काय, हे सारे आज आपल्या विद्यार्थ्यांना प्रथम कळते ते एजंटच्या तोंडून, एखाद्या व्यापारी संकुलातल्या भाड्याच्या गाळ्यात. ते त्यांना त्याआधी आपल्या वर्गात कळावे.

माझी नोकरी टीटीसी औद्योगिक पट्ट्यातील एका कंत्राटदार कंपनीच्या कर्मचारी विभागात झाली. कंपनीची कामे आखातातही चालत असल्यामुळे माणसे पाठवण्याचे कागदपत्र माझ्याच टेबलावरून जात. निवृत्तीनंतर ऐरोलीत राहतो आणि ओळखीची मंडळी आपापल्या मुलांचे कागद दाखवायला घेऊन येतात. या कागदांत जे पुन्हा पुन्हा दिसते, त्यावरून हे लिहीत आहे.

सर्वांत आधी सांगायचे ते हे की, बहुतेक देशांत नोकरीच्या परवान्याची सुरुवात मालकाच्या दारातून होते. संयुक्त अरब अमिरातीत कामगाराने सही केलेला नोकरीचा प्रस्ताव मालक तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाकडे नोंदवतो, त्यावर प्रवेशाचा परवाना निघतो, आणि माणूस पोहोचल्यावर वैद्यकीय तपासणी, एमिरेट्स ओळखपत्र आणि निवासाची नोंद होते. प्रस्तावात लिहिलेल्यापेक्षा कमी पगाराचा करार नंतर पुढे करता येत नाही. २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू झालेल्या तिथल्या कामगार कायद्याने तर भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करण्यास आणि त्याची कागदपत्रे अडकवून ठेवण्यास स्पष्ट मनाई केली आहे. पोलंडमध्ये परवान्याचा अर्ज कंपनी तिथल्या प्रांताच्या प्रशासकाकडे करते आणि उमेदवार त्या परवान्याच्या आधारे मुंबईतल्या वाणिज्य दूतावासात व्हिसा मागतो. परवाना आणि व्हिसा या दोन वेगळ्या गोष्टी असून पहिली मिळाली म्हणून दुसरी मिळेलच असे नाही, हे मुलांना कोणी सांगत नाही. परवाना हातात आहे, पण दूतावासाच्या भेटीची तारीख मिळता मिळता त्याचीच मुदत संपत आली, अशी मुले मी पाहिली आहेत. ब्रिटनमध्ये गृहखात्याच्या सार्वजनिक यादीत नाव असलेल्या मालकालाच प्रायोजक प्रमाणपत्र देता येते, आणि ही यादी आपल्या संगणक प्रयोगशाळेत बसून कोणालाही पाहता येते. कॅनडात मालकाने सरकारकडून आधी श्रमबाजाराचे मूल्यांकन, म्हणजे त्या कामाला स्थानिक माणूस मिळत नसल्याची तपासणी, करून घ्यायचे असते; त्याचे एक हजार डॉलर शुल्क कामगारावर टाकता येत नाही.

असे असताना आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा शब्दप्रयोग ‘परमिट घेतले’ असा आहे. अमक्याने क्रोएशियाचे परमिट पाच लाखांना घेतले, तमक्याने पोलंडचे साडेचारला घेतले. घेण्याची ही वस्तूच नव्हे. मालकाला माणूस हवा असतो म्हणून तो परवाना काढतो. ज्या परवान्यासाठी मालकाऐवजी उमेदवाराला लाखांत पैसे मोजावे लागतात, त्याच्या मागे खरोखर मालक आहे का, हा प्रश्न त्याच क्षणी पडायला हवा.

भारतातला कायदाही या बाबतीत संदिग्ध नाही. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटला परराष्ट्र मंत्रालयाच्या अखत्यारीतील नोंदणी घ्यावी लागते, आणि नोंदणीकृत एजंटने उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून घ्यायची कमाल रक्कम ३०,००० रुपये अधिक वस्तू व सेवा कर इतकी आहे. अठरा टक्के कर धरला तर ३५,४०० रुपये, आणि तेही पावतीसह. नोंदणी नसताना भरती केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा कायद्यात आहे. दोन हजार रुपये! एका मुलाकडून चार-पाच लाख घेणाऱ्याला या दंडाचे भय वाटत नसेल, तर नवल काय? परराष्ट्र मंत्रालयाने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये या जुन्या कायद्याच्या जागी आणायच्या नव्या कायद्याचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी जाहीर केला होता, ही चांगली गोष्ट आहे. मात्र कायदा दिल्लीत बदलतो आणि मुलगा फसतो तो वाशीत किंवा कल्याणात. या दोन ठिकाणांमधली शेवटची सरकारमान्य पायरी आपली संस्था आहे, आणि म्हणूनच हे पत्र मंत्रालयाला न लिहिता आपल्याला लिहिले आहे.

आयटीआयच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी आपल्या हजेरीपटातच लपलेली आहे. वेल्डर किंवा वायरमन यांसारख्या काही व्यवसायांना आठवी उत्तीर्ण मुलालाही प्रवेश मिळतो, तर फिटर किंवा इलेक्ट्रिशियनसाठी दहावी लागते. दहावी न झालेल्याला सामान्यतः ईसीआर, म्हणजे ‘उत्प्रवास तपासणी आवश्यक’, या शेऱ्याचा पासपोर्ट मिळतो. असा पासपोर्ट घेऊन सौदी, कतार, कुवेत, ओमान, मलेशिया आदी १८ देशांत नोकरीला जायचे, तर प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. त्यासाठी करार, मालक आणि एजंट या तिघांची नोंद परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट या ऑनलाइन प्रणालीवर तपासली जाते, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास दहा लाख रुपये देणारा प्रवासी भारतीय विमा उतरवावा लागतो. त्याचा हप्ता दोन वर्षांना २७५ रुपये आहे. आता त्याच कार्यशाळेत शेजारच्या बाकावर बसणारा दहावी उत्तीर्ण फिटर पाहा. त्याच्या पासपोर्टवर शेरा नाही, मंजुरीची गरज नाही, म्हणून तो त्याच सौदी कंपनीत त्याच साइटवर निघाला तरी त्याचा करार सरकारच्या वतीने कोणीही वाचत नाही. शेरा नसलेल्यांनीही जाण्यापूर्वी नोंदणी करावी, अशी सक्ती १ जानेवारी २०१९ पासून करण्याचे मंत्रालयाने ठरवले होते, पण ती अमलात येण्याआधीच स्थगित ठेवली गेली. स्वेच्छेने नोंदणी करता येते; ती करणारा माझ्या पाहण्यात अपवादानेच आला.

थोडक्यात, जास्त शिकलेल्याला कायद्याचे संरक्षण कमी आहे. दहावी झालेल्याला आपले भले-बुरे कळते, असे कायदा गृहीत धरतो. ते कळावे म्हणून शिकवायचे कोणी, हा प्रश्न कायद्याने सोडून दिला आहे आणि तो आपोआपच आपल्या दारात येऊन पडला आहे.

आता मी थोडे स्पष्ट बोलतो, त्याबद्दल क्षमस्व. आपल्यापैकी काही संस्थांच्या सूचनाफलकांवर परदेशी भरतीच्या जाहिराती लागतात, आणि काही सभागृहांत ‘ओव्हरसीज कॅम्पस इंटरव्ह्यू’ होतात. यात बहुतेक वेळा कोणाचाही वाईट हेतू नसतो. नोकरी लागलेल्यांचा आकडा वर कळवायचा असतो, समोरचा माणूस सुटाबुटात येतो, दुबईच्या कंपनीचे पत्र दाखवतो, आणि परवानगी दिली जाते. पण ज्या क्षणी मुलाखत आपल्या सभागृहात होते, त्या क्षणी मुलाच्या घरच्यांच्या दृष्टीने तिच्यावर संस्थेचा शिक्का बसतो. ‘कॉलेजातच आले होते ते’, हे वाक्य मी दिघ्यातल्या एका आईकडून ऐकले आहे. तिने मंगळसूत्र गहाण ठेवून एजंटला पैसे दिले होते आणि मुलगा अजून घरीच होता. त्या एजंटची नोंदणी नव्हती, आणि ते ई-मायग्रेटवर पाच मिनिटांत दिसले असते.

म्हणून विनंती अशी की, कोणत्याही परदेशी भरतीदाराला सभागृह किंवा फलक देण्यापूर्वी तीन कागद मागावेत. एक, त्याचे नोंदणी प्रमाणपत्र, आणि त्यावरचा क्रमांक ई-मायग्रेटच्या यादीत चालू स्थितीत आहे का याची संस्थेने स्वतः केलेली खातरजमा, कारण रद्द किंवा स्थगित झालेल्या नोंदण्यांची प्रमाणपत्रेही भिंतीवर छान दिसतात. दोन, परदेशी मालकाचे मागणीपत्र, ज्यात पदे, संख्या, पगार, कामाचे तास आणि राहण्या-जेवणाची सोय लिहिलेली असते. तीन, त्या मालकाने या एजंटला दिलेले मुखत्यारपत्र. प्रामाणिक एजंटजवळ हे तिन्ही कागद तयार असतात आणि तो ते विनातक्रार देतो. ‘आमचे वाशीचे ऑफिस मुख्य कंपनीची शाखा आहे’ किंवा ‘आम्ही त्यांचे सब-एजंट’ असे उत्तर आले, तर तिथेच थांबावे. नोंदणी ज्याच्या नावाने आणि ज्या पत्त्यावर असते त्यालाच ती लागू पडते, आणि सब-एजंट नावाची व्यवस्था कायद्याला मान्य नाही.

यापुढचा मुद्दा आपल्या कार्यालयातील लिपिकांशी संबंधित आहे. तो कंटाळवाणा वाटेल, पण माझ्या अनुभवात सर्वांत जास्त परवाने अडतात ते याच जागी. फसवणुकीच्या बातम्या छापून येतात; नावातल्या एका अक्षरामुळे हुकलेल्या नोकरीची बातमी होत नाही.

आपल्याकडच्या गुणपत्रिकेवर आडनाव, नाव, वडिलांचे नाव एका ओळीत येते आणि आईचे नाव वेगळे. पासपोर्टवर नाव आणि आडनाव असे दोनच रकाने असतात, आणि वडिलांचे नाव पहिल्या रकान्यात घातले आहे की वगळले आहे, हे अर्ज कोणी भरला त्यावर ठरते. म्हात्रे, गायकवाड, भोईर ही आपल्या भागातली आडनावे रोमन लिपीत दोन-दोन, तीन-तीन प्रकारे लिहिली जातात. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक प्रकार, आयटीआयच्या प्रमाणपत्रावर दुसरा आणि पासपोर्टवर तिसरा, अशी उदाहरणे दुर्मीळ नाहीत. इथल्या कारखान्यात फोरमन ओळखीचा असल्यामुळे चालून जाते. परदेशातला अधिकारी ही तीन वेगळी माणसे समजतो, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केले असते. परिचारिकांच्या बाबतीत हा गुंता लग्नानंतर वाढतो, कारण शिक्षण आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या नावाने असतो. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नावबदल यांनी हे सोडवता येते, पण ते नोकरीचा प्रस्ताव हातात आल्यावर धावपळीत करण्याऐवजी शिक्षण चालू असतानाच करावे. प्रवेशाच्या वेळीच मुलाचा दहावीचा कागद, आधार आणि असल्यास पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवून पाहणे, हे काम आपला लिपिक दहा मिनिटांत करू शकतो.

दुसरी गोष्ट पडताळणीची. दुबई, सौदी, कतार इत्यादी ठिकाणच्या आरोग्य नियामक संस्था परिचारिकेला परवाना देण्यापूर्वी डेटाफ्लो नावाच्या कंपनीमार्फत तिची प्रमाणपत्रे मूळ संस्थेकडून तपासून घेतात. म्हणजे एक ई-मेल आपल्या महाविद्यालयाकडे येते. ही ई-मेल अनोळखी परदेशी पत्त्यावरून येत असल्यामुळे ती फसवी समजून काढून टाकली जाते, किंवा संकेतस्थळावर दिलेला पत्ता बदलून गेलेल्या एखाद्या प्राध्यापकाचा असल्यामुळे ती कोणी उघडतच नाही. मग तपासणीच्या अहवालात ‘पडताळणी होऊ शकली नाही’ असा शेरा येतो, अर्ज लटकतो आणि त्या मुलीला पुन्हा पैसे भरून प्रक्रिया करावी लागते. तिची पदवी खरी, अनुभव खरा, आणि तरीही दार बंद, कारण आपल्याकडून उत्तर गेले नाही. पडताळणीसाठी एक स्वतंत्र अधिकृत पत्ता, तो पाहणारी एक नेमलेली व्यक्ती आणि उत्तराची ठरावीक मुदत एवढे केले, तरी या जिल्ह्यातल्या परिचारिकांचे मोठे भले होईल.

साक्षांकनाबद्दल थोडक्यात. भारत २००५ साली हेगच्या अपोस्टिल करारात सामील झाला; अपोस्टिल म्हणजे कागद खरा असल्याचे, करारातल्या देशांत ग्राह्य धरले जाणारे प्रमाणपत्र. त्यामुळे करारातल्या पुष्कळ देशांसाठी राज्य शासनाच्या साक्षांकनानंतर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल पुरते; सौदी अरेबियानेही २०२२ च्या डिसेंबरपासून हा करार लागू केला आहे. अमिराती आणि कतार मात्र करारात नाहीत, तिथे दूतावासाचा शिक्काही लागतो. अपोस्टिलचे सरकारी शुल्क प्रत्येक कागदाला ५० रुपये आहे. सेवाकेंद्राचे शुल्क वेगळे, तेही फार नाही. हे आकडे फलकावर लावलेत, तर एका पदविकेच्या शिक्क्यांसाठी अव्वाच्या सव्वा पैसे मोजणारी मुले निदान कारण तरी विचारतील.

आता जर्मनी. महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात २०२४ च्या फेब्रुवारीत कुशल मनुष्यबळाबाबत करार झाला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांना द्यायच्या व्हिसांची वार्षिक संख्या २०,००० वरून ९०,००० पर्यंत नेण्याचे जाहीर केले. तेव्हापासून ठाण्यात, डोंबिवलीत, नेरूळमध्ये जर्मन भाषेच्या वर्गांचे फलक दिसू लागले. भाषा शिकावी, त्यात तोटा काहीच नाही. परंतु जर्मनीत कामाचा परवाना म्हणून सुटा कागद उमेदवाराने मिळवायचा नसतो. मालक नोकरीविषयीचे विवरणपत्र भरून देतो, तिथल्या रोजगार यंत्रणेची संमती लागेल तिथे ती सरकारी कार्यालये आपसांतच मिळवतात, आणि उमेदवाराच्या हाती व्हिसा पडतो, ज्याचे शुल्क ७५ युरो आहे.

आपल्या संस्थांच्या दृष्टीने त्याआधीची पायरी महत्त्वाची आहे. मुलाचे प्रशिक्षण जर्मनीतल्या तशाच व्यवसायाच्या तुलनेत किती भरते, हे ठरवण्यासाठी तिथल्या संस्था, उदाहरणार्थ औद्योगिक व्यवसायांसाठी न्यूर्नबर्गमधील आयएचके फोसा, नुसते प्रमाणपत्र पाहत नाहीत. अभ्यासक्रमात कोणते विषय होते, कार्यशाळेचे तास किती, सिद्धांताचे किती, हे पाहतात. हा तपशील संस्थेच्या सही-शिक्क्यानिशी देता येईल अशा नमुन्यात तयार ठेवला, तर मुलाचे महिने वाचतात. शिवाय प्रशिक्षणाच्या कालावधीचा प्रश्न आहे. अशी पूर्ण मान्यता न घेता अनुभवाच्या बळावर जाण्याची जी वाट जर्मनीने २०२४ च्या मार्चपासून खुली केली, तिच्यासाठी मायदेशात सरकारमान्य असे किमान दोन वर्षांचे प्रशिक्षण, अलीकडचा किमान दोन वर्षांचा अनुभव आणि ठरावीक पगार लागतो. २०२५ साली तो वर्षाला ४३,४७० युरो होता. आपला फिटर, इलेक्ट्रिशियन, वातानुकूलन तंत्रज्ञ दोन वर्षांचा अभ्यासक्रम करतो, म्हणून या अटीत बसू शकतो. वेल्डर आणि प्लंबर एका वर्षाचे, म्हणून बसत नाहीत, मग हात कितीही कसबी असो. हे प्रवेशाच्या वेळी, व्यवसाय निवडतानाच मुलाला कळायला नको का? २०२४ च्याच जूनपासून सुरू झालेल्या चान्सनकार्टे या संधिपत्रालाही हीच दोन वर्षांची अट आहे, आणि काही एजंट ते ‘जर्मन वर्क परमिट’ म्हणून विकतात. प्रत्यक्षात ते नोकरी शोधण्यासाठी साधारण वर्षभर तिथे राहण्याची मुभा देते. त्या काळात आठवड्याला वीस तासांपर्यंतच काम करता येते, आणि स्वतःचा खर्च भागवण्याइतके पैसे, २०२५ मध्ये महिन्याला १,०९१ युरो या हिशेबाने, आधी दाखवावे लागतात.

परिचर्या महाविद्यालयांना ब्रिटनविषयी एक सूचना द्यायची आहे. वृद्ध आणि रुग्ण यांची काळजी घेणाऱ्या केअर वर्करच्या पदांवर परदेशातून नवी भरती करणे ब्रिटनने २२ जुलै २०२५ पासून बंद केले आहे. नोंदणीकृत परिचारिकांची वाट वेगळी आहे आणि ती चालू आहे. तरीही एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) झालेल्या मुलींना ‘यूके केअरगिव्हर’च्या जाहिराती पाठवल्या जातात. त्या मुली आपल्याच आहेत. त्यांना हे आपल्याकडून कळावे.

एवढे सगळे शिकवायला वेळ कुठे आहे, असे आपण म्हणाल, आणि निदेशकांच्या किती जागा रिकाम्या आहेत हे मी जाणतो. पण आयटीआयच्या अभ्यासक्रमात एम्प्लॉयबिलिटी स्किल्स हा विषय आधीच आहे. त्यात मुलाखतीला जाताना इस्त्रीचा सदरा घालावा इथपासून सगळे शिकवले जाते. त्यातले दोन तास परदेशी नोकरीच्या कागदांना द्यावेत, आणि व्याख्यान देण्याऐवजी मुलांपुढे खरे कागद ठेवावेत, अर्थात नावे झाकून. व्हिसावर लिहिलेले पद आणि करारातले पद एकच आहे का, हे त्यांनी स्वतः शोधावे. फिटर म्हणून निवडलेला मुलगा व्हिसावर ‘मजूर’ निघतो, तेव्हा पगाराचे पुढे काय होते यावर वर्गात चर्चा व्हावी. मूळ पगार किती आणि भत्ते किती, कारण सेवासमाप्तीचा लाभ अमिरातीत मूळ पगारावर मोजला जातो. परतीचे तिकीट कोणाचे, परिवीक्षा किती, पासपोर्ट कोणाच्या ताब्यात. आणि सर्वांत ठळकपणे, भेटीच्या व्हिसावर जाऊन काम करायचे नाही. ‘आधी व्हिजिटवर जा, तिकडे गेल्यावर बदलून देतो’ हे आश्वासन आपल्या भागात इतके रुळले आहे की, ते बेकायदेशीर आहे हेच मुलांना खरे वाटत नाही. परवान्याविना कामावर ठेवणाऱ्या मालकाला अमिरातीत २०२४ च्या सुधारणेनंतर एक लाख ते दहा लाख दिरहमपर्यंत दंड आहे. दंड मालकाला होतो, पण पकडल्यावर परत पाठवला जातो तो कामगार, आणि घरचे कर्ज तसेच राहते.

संगणक किंवा इलेक्ट्रॉनिक्स शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी यात एक भर घालावी लागेल. थायलंडमध्ये ‘डेटा एंट्री’ किंवा ‘डिजिटल मार्केटिंग’ची नोकरी सांगून मुलांना नेले जाते आणि सीमा ओलांडून म्यानमारमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबले जाते. २०२५ च्या मार्चमध्ये हवाई दलाच्या विमानांनी अशा साडेपाचशेच्या आसपास भारतीयांना परत आणले. थायलंडमध्ये कामासाठी परवाना लागतो आणि तो कंपनी काढते, एवढी एक गोष्ट माहीत असलेला मुलगा पर्यटक म्हणून विमानात बसण्यापूर्वी निदान एकदा थबकेल.

शेवटी कोणाकडे जायचे, हेही फलकावर असावे: ई-मायग्रेटवरील नोंदणीकृत एजंटांची यादी, वांद्रे-कुर्ला संकुलातील विदेश भवनात असलेले प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचे कार्यालय, प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा १८०० ११ ३०९० हा निःशुल्क क्रमांक, आणि परदेशात गेल्यावर तक्रारीसाठी परराष्ट्र मंत्रालयाचे मदद हे संकेतस्थळ. केरळमध्ये नोरका रूट्ससारखी सरकारी संस्था ही माहिती घरापर्यंत पोहोचवते. आपल्या जिल्ह्यात ते काम आपल्या फलकापासून सुरू होऊ शकते.

यंदाच्या वार्षिक परीक्षेपूर्वी असा एक वर्ग घेण्याची आपल्यापैकी कोणाची तयारी असेल, तर नावे झाकलेल्या करारांच्या आणि परवान्यांच्या प्रती माझ्याजवळ आहेत. त्या मी आपल्या संस्थेला देईन आणि बोलावल्यास स्वतः येऊन वाचूनही दाखवीन. मानधन नको. त्याच दिवशी कार्यालयातल्या लिपिकांनाही अर्धा तास बसवावे. नावांच्या जुळणीचा आणि पडताळणीच्या ई-मेलचा भाग त्यांच्यासाठी आहे.

आपला नम्र,
कर्मचारी विभागातून निवृत्त झालेला एक नागरिक
ऐरोली, नवी मुंबई